‘खादाड’ या निदानाविरुद्ध लेप्टिनची साक्ष

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाची नवी व्याख्या मांडली. केवळ बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या) आकड्यावरून कुणाला आजारी ठरवू नये. जादा चरबीमुळे अवयवांचं काम बिघडलं असेल किंवा रोजचे व्यवहार अवघड झाले असतील तर तो ‘क्लिनिकल’ लठ्ठपणा, आणि चरबी जादा असूनही शरीर सुरळीत चालत असेल तर ‘प्री-क्लिनिकल’, असं आयोगाचं म्हणणं. अशी बातमी आली की एक प्रतिक्रिया ठरलेली असते. आता जाड्याला जाड म्हणायचीही चोरी! शब्द बदलून वजन उतरतं का?

उतरत नाही, हे मान्य. पण शब्दांच्या या वादात मला वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘ढोल्या’, ‘खादाड’, ‘सुस्तावलेली’, ‘जिभेवर ताबा नाही’ हे सगळं बोलताना आपण एका शरीराचं वर्णन करतो आणि त्याच दमात त्याचं कारणही सांगून टाकतो: हा माणूस जास्त खातो, कारण त्याला स्वतःला आवरता येत नाही. हे कारण म्हणजे एक वैज्ञानिक दावा आहे आणि तो तपासता येतो. गेल्या पाऊणशे वर्षांत तो तपासला गेला आहे, आणि त्यातला मुख्य साक्षीदार म्हणजे लेप्टिन हा भुकेला लगाम घालणारा हार्मोन.

१९४९ साली अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही असे उंदीर आढळले की त्यांची भूक भागतच नव्हती. एका जनुकातल्या बिघाडामुळे त्यांचं वजन भावंडांच्या कितीतरी पट व्हायचं. या वाणाला ‘ओबी’ नाव मिळालं. पुढे ‘डीबी’ नावाचा दुसरा वाण सापडला. दिसायला तसाच लठ्ठ, पण बिघाड वेगळ्या जनुकात. तिथलेच शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन-दोन उंदीर एकमेकांना असे जोडले की एकाचं रक्त दुसऱ्यात फिरावं. ओबी उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा ओबीचं खाणं कमी झालं आणि वजन आटोक्यात आलं. डीबी निरोगी उंदराला जोडला, तेव्हा भलतंच घडलं. डीबीला काहीच फरक पडला नाही, पण निरोगी उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. डीबीला जोडलेल्या ओबीचीही तीच गत झाली.

यातून कोलमन यांनी काढलेला निष्कर्ष मला जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतो. रक्तातून फिरणारा, ‘आता पुरे’ असं सांगणारा एखादा पदार्थ असला पाहिजे. ओबीला तो तयार करता येत नाही. डीबीला तो करता येतो, नव्हे, तो भरमसाट करतो, पण तो ओळखणारी यंत्रणाच त्याच्यापाशी नाही. पदार्थ हाती येण्याच्या वीसेक वर्षं आधी हे सगळं निव्वळ तर्काने ठरलं होतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक शोधून काढलं आणि पुढे त्यातून तयार होणाऱ्या हार्मोनला लेप्टिन हे नाव दिलं.

लेप्टिन तयार करतात चरबीच्याच पेशी. साठा जितका मोठा, तितकं रक्तातलं लेप्टिन जास्त. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये पोहोचतं. तिथल्या आर्क्युएट केंद्रक नावाच्या भागात चेतापेशींचे दोन गट शेजारी-शेजारी असतात. पहिला गट पीओएमसी नावाच्या प्रथिनापासून अल्फा-एमएसएच हा तुकडा बनवतो. तो एमसी४आर या ग्राहीवर (संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर) बसला की खाणं थांबतं. दुसरा गट एजीआरपी हे प्रथिन सोडतो. ते त्याच ग्राहीचं काम रोखतं आणि भूक पेटते. लेप्टिन पहिल्या गटाला चालना देतं आणि दुसऱ्याला दाबून ठेवतं. २०११ मध्ये एका प्रयोगात उंदरांच्या फक्त एजीआरपी पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर पोट भरलेले उंदीरही काही मिनिटांत अन्नावर तुटून पडले. माणसांत एमसी४आरच्या जनुकात बिघाड असेल तर लहानपणापासूनच अनावर भूक आणि वाढतं वजन दिसतं. एकाच जनुकामुळे येणाऱ्या लठ्ठपणात हे कारण सर्वाधिक आढळतं.

माणसातली लेप्टिनची साक्ष १९९७ मध्ये मिळाली. केंब्रिजमध्ये स्टीफन ओ’राहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटाने दोन चुलत भावंडं तपासली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचं २९ किलो. दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतंच. त्या मुलीला पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि वर्षभरात तिचं वजन सुमारे १६ किलोंनी घटलं. जेवायला बसल्यावर ती आपणहून कमी खाऊ लागली. शिस्त लागली म्हणून हे घडलं नव्हतं. तिच्या रक्तात नसलेलं एक प्रथिन तिला मिळालं होतं.

अशी मुलं जगात फार थोडी आहेत, हे इथे सांगायलाच हवं. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे १९९४ नंतर ‘लठ्ठपणावर औषध सापडलं’ म्हणून जो गाजावाजा झाला तो फोल ठरला. पण त्याच काळात एक खोल गोष्ट उमगली. लेप्टिन वाढण्यापेक्षा ते घटण्याची दखल मेंदू कितीतरी तीव्रतेने घेतो. वजन उतरू लागलं की साठा कमी होतो, लेप्टिन घसरतं आणि मेंदू उपासमारीचा बंदोबस्त सुरू करतो: भूक वाढवा, खर्च कमी करा. मूळ वजन ६० किलो होतं की १२०, याच्याशी मेंदूला देणंघेणं नसतं.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ निरोगी, स्वयंसेवक तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं सुमारे चतुर्थांश वजन घटलं, आणि डोक्यात अन्नाखेरीज दुसरं काही उरलं नाही. बंधन उठल्यावर त्यांनी इतकं खाल्लं की चरबी आधीपेक्षाही जास्त चढली. त्यांच्यात निर्धाराची कमतरता होती असं कोण म्हणेल? ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डाएटने वजन उतरवलेल्या लोकांचे भुकेचे हार्मोन वर्षभरानंतरही वाढलेल्या भुकेच्याच बाजूने झुकलेले आढळले. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत रोज अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. ‘सात दिवसांत चरबी वितळवा’ म्हणून पट्टे, चहा आणि चूर्णं विकणारे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. गिऱ्हाइकाचं वजन परत चढतं तेव्हा दोष त्याच्याच माथी मारला जातो.

याचा अर्थ सगळं जनुकांनी लिहून ठेवलंय असा नाही. जगभर वजन वाढलं ते काही दशकांत, आणि एवढ्यात जनुकं बदलत नाहीत. बदललं ते अन्न, काम आणि झोप. मात्र त्याच परिस्थितीत कोणाचं वजन किती वाढेल, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींच्या १९८६ च्या अभ्यासात त्यांची शरीरयष्टी जन्मदात्यांशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही.

आता शब्दांकडे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणाला आजार मानलं आणि २०१७ मध्ये ‘लठ्ठ रुग्ण’ऐवजी ‘लठ्ठपणा असलेली व्यक्ती’ असं म्हणण्याचं धोरण स्वीकारलं. उलट १९६९ पासून अमेरिकेत चालत आलेल्या, जाड शरीर आहे तसं स्वीकारा म्हणणाऱ्या फॅट अ‍ॅक्सेप्टन्स चळवळीतल्या अनेकांना हे पटत नाही. त्यांना ‘फॅट’ हा साधा, उघड शब्द हवा आहे, उंच किंवा बुटका यांसारखा. ‘ओबीस’ हा वैद्यकीय शब्द वापरणं म्हणजे धडधाकट माणसावरही आजाराचा शिक्का, असं ते म्हणतात. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, आणि लॅन्सेट आयोगाची विभागणी या पेचातून निघण्याचा प्रामाणिक प्रयत्न वाटतो. मला खटकतात ती गुळमुळीत विशेषणं. गुडघे, यकृत, झोपेतला श्वास आणि रक्तातली साखर यांच्यावर जादा चरबीचा परिणाम होतो. ‘जरा भरलेली तब्येत’ म्हणून तो झाकणारा डॉक्टर रुग्णाचं भलं करत नाही.

हिणवल्याने मात्र कुणी बारीक होतं असा पुरावा नाही. अमेरिकेत सहा हजारांवर लोकांची काही वर्षं नोंद ठेवली, तेव्हा वजनावरून भेदभाव सोसलेल्या, पण सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या व्यक्ती पुढे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कार्यकारण सिद्ध करणारा नाही. तरी अपमानाने कॉर्टिसोल हा ताणाचा हार्मोन वाढतो आणि ताणाखाली बऱ्याच जणांचं खाणं वाढतं, हे पाहता तो निष्कर्ष अनपेक्षित नाही. अपमान झालेला माणूस दवाखान्याची पायरी चढायचं टाळतो, हे नुकसान आणखी वेगळं.

रुग्णांना काय ऐकायला आवडतं हे विचारणारे अभ्यास २००३ पासून झाले आहेत. त्यांत ‘वजन’ हा साधा शब्द बहुतेकांना चालतो. वजनाबद्दल बोललं तर चालेल का, असं आधी विचारावं, असंही आता डॉक्टरांना शिकवलं जातं. त्याच्या जोडीला साधनंही अंगाला बसणारी हवीत. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा चढतो. सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर वरचा दाब सरासरी १९.५ अंकांनी जास्त दिसतो, असं २०२३ च्या एका चाचणीत आढळलं. एवढ्या फरकाने रक्तदाब नसलेल्या माणसालाही गोळ्या सुरू होऊ शकतात.