लपवून बाळगायचे पिस्तूल आणि त्याचे होल्स्टर (अमेरिका)

भरलेले पिस्तूल बाहेरून दिसणार नाही अशा रीतीने कपड्यांखाली ठेवून रोज वावरणे ही अमेरिकेत कायद्याने मान्य असलेली प्रथा आहे. तिकडे तिला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. यात पिस्तूल बाळगणारा पोलीस किंवा सैनिक नसतो. तो साधा नागरिक असतो, दुकानात जातो, गाडीत पेट्रोल भरतो, पोरांना मैदानावर सोडतो, आणि त्या सगळ्या वेळात, दिवसाचे बारा-चौदा तास, पिस्तूल त्याच्या अंगावर असते. ते बाहेर काढायची वेळ बहुतेकांवर जन्मात येत नाही. म्हणून निवड करताना नेम कसा लागेल याच्याही आधी, हे शस्त्र दिवसभर अंगावर सुरक्षित कसे राहील ते पाहावे लागते. त्याचे निम्मे उत्तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तूल अंगावर अडकवायच्या खोळीत असते. पिस्तूल महिनोन्‌महिने चौकशी करून घ्यायचे आणि होल्स्टर उरलेल्या पैशांत उरकायचे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे आणि ती जिवावर बेतू शकते.

पूर्वपीठिका

खिशात शस्त्र लपवणे एके काळी अमेरिकेतही भ्याडपणाचे मानले जाई. उघड कमरेला लावणारा सरळ माणूस, लपवणारा दगाबाज, अशी समजूत होती. केंटकी राज्याने १८१३ मध्येच लपवून शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली. १८२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रद्द केली. याच शतकात फिलाडेल्फियाचा बंदूककार हेन्री डेरिंजर याने मुठीत मावेल असे एकबारी पिस्तूल लोकप्रिय केले. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळी झाडली गेली ते डेरिंजरचेच होते.

विसाव्या शतकात आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर, म्हणजे गोळ्यांचे फिरते चक्र असलेले शस्त्र आले. कोल्ट कंपनीचे सहा गोळ्यांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७ चे, तर स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ १९५० चे. या दुसऱ्याचे वंशज आजही खिशात फिरतात. पुढे १९९४ ते २००४ या दहा वर्षांत केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनला (पिस्तुलात बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीला) दहा गोळ्यांची मर्यादा घातली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर पिस्तूल मोठे कशाला, असा विचार कारखानदारांनी केला आणि लहान पिस्तुलांना बहर आला. ग्लॉक कंपनीचे छोटे ‘ग्लॉक २६’ हे १९९५ चे.

परवाना

परवाना द्यायचा की नाही हे पूर्वी बऱ्याच राज्यांत अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला आणि तिथून वारे फिरले. न्यूयॉर्कमध्ये मात्र १९११ च्या सलिव्हन कायद्याची परंपरा टिकली होती. शस्त्र बाळगायला खास कारण आहे हे अर्जदाराने सिद्ध करायचे, अशी तिथली अट होती. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात ती घटनाबाह्य ठरवली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याशिवायही लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा झाली होती. मुभा मिळाली म्हणून प्रशिक्षणाची गरज संपत नाही. परवाना नको म्हणून शिकवणीही नको, असे समजणारा माणूस स्वतःला आणि शेजाऱ्याला धोक्यात घालतो.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. पेनसिल्व्हेनियाचा परवाना घेऊन डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की न्यू जर्सी लागते, आणि न्यू जर्सी कोणत्याही परराज्याचा परवाना मानत नाही. फिलाडेल्फियाच्या एका महिलेला २०१३ मध्ये तिथे गाडी अडवल्यावर अटक झाली. गाडीत पिस्तूल आहे हे तिने आपणहून पोलिसाला सांगितले होते, तरीही. कित्येक वर्षांच्या कैदेची टांगती तलवार डोक्यावर राहिली आणि अखेर २०१५ मध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. टेक्सासमध्ये दुकानदार ठरावीक मजकुराची, एक इंच उंचीच्या अक्षरांची पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लावून परवानाधारकालाही शस्त्रासह आत येण्यास मनाई करू शकतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची. एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्याला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणे हाच केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकाला ती घेता येते. ‘घर मित्राचे, पिस्तूल मित्राचे, मी फक्त सांभाळायला घेतले’ ही सबब तिथे चालत नाही.

पिस्तुलाची निवड

मोठे पिस्तूल चालवायला सोपे आणि लपवायला कठीण, लहान त्याच्या उलट. सगळी निवड या ओढाताणीतच होते. पाच इंची नळीचे जुन्या घडणीचे ‘१९११’ नावाचे पिस्तूल भरल्यावर किलोच्या वर जाते. ग्लॉक १९ ची नळी चार इंच आणि मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. कपडे थोडे सैल घालायची तयारी असेल त्याला ते पुरते. २०१८ मध्ये आलेल्या सिग सावरच्या पी३६५ ने हा हिशेबच बदलला. सुमारे तीन इंची नळी, जेमतेम एक इंच जाडी, रिकामे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि तरी मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कारखान्याने तसे पिस्तूल काढले.

लपवायला जड जाते ती मूठ, नळी नव्हे. नळी पँटच्या आत खाली जाते. मूठ पट्ट्याच्या वर उरते आणि वाकले की सदऱ्यातून तिचा उंचवटा उठतो. त्यामुळे आखूड मूठ आणि थोडी लांब नळी ही जोडी पुष्कळदा अधिक सोयीची पडते. नळी लांब असली की पिस्तूल पट्ट्यावर कलंडतही नाही.

बाईमाणूस आहे, तिला हलके छोटे रिव्हॉल्व्हर द्या, हा दुकानात मिळणारा सल्ला वाईट आहे. शस्त्र जितके हलके, तितका त्याचा झटका हाताला जोरात बसतो. चारशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर पाच गोळ्यांतच तळवा झिणझिणवते, मग सराव टळतो. शिवाय त्याचा चाप ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो. ग्लॉकच्या चापाला त्याच्या निम्मा पुरतो. दुसरीकडे, ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांना पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचणे अवघड जाते, आणि त्यांना रिव्हॉल्व्हर किंवा मऊ स्प्रिंगचे पिस्तूल बरे पडते. हात कोणाचा आहे ते पाहून शस्त्र ठरवावे. भाड्याने पिस्तूल मिळणाऱ्या नेमबाजीच्या रेंजवर दोन-तीन प्रकारांतून पन्नास-पन्नास गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.

गोळीच्या मापावरून पूर्वी कडाक्याचे वाद होत. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर एफबीआयने मोठ्या मापाची वाट धरली आणि त्यातून १९९० मध्ये .४० (इंच) मापाचे काडतूस बाजारात आले. काडतुसे सुधारल्यावर हीच संस्था पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. आज रोजच्या वापरासाठी ९ मिमी हेच रूढ माप आहे. झटका सोसण्याजोगा, सरावाची काडतुसे तुलनेने स्वस्त. अंगावर बाळगताना पोकळ टोकाची गोळी वापरतात. ती लागल्यावर फुलते आणि आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. न्यू जर्सीत मात्र अशा गोळ्यांवर निर्बंध आहेत.

होल्स्टर

तलवारीला म्यान तसे पिस्तुलाला होल्स्टर, ही तुलना अर्धीच खरी. म्यानातली तलवार आपोआप कोणाला कापत नाही. पिस्तुलाच्या चापात काहीही अडकले, बोट, सदऱ्याची कड, जॅकेटची दोरी, तरी गोळी सुटू शकते. म्हणून चाप आणि चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, तीही टणक वस्तूने. पिस्तूल रिकामे करून, नळी आणि मॅगझिन दोनदा तपासून ते होल्स्टरमध्ये ठेवावे आणि बाहेरून अंगठ्याने चापाच्या जागी दाबून पाहावे. आतला चाप हलला तर ते होल्स्टर बाद.

सध्या चलती कायडेक्सची आहे. हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसीचे प्लॅस्टिक तापवले की मऊ होते आणि पिस्तुलाच्या आकारावर दाबून थंड केले की तसेच राहते. पिस्तूल आत सरकवताना टक् असा आवाज येतो आणि हाताला कळते की बसले. होल्स्टर उलटे धरून हलवले तरी ते पडत नाही. चामडे अंगाला अधिक मऊ लागते आणि आवाज करत नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. घामाने आणि वापराने जुने चामडे ढिले पडते, तोंडाशी दुमडते, आणि पिस्तूल आत ढकलताना ती दुमड बोटासारखी चापावर येते. असे अपघात झाले आहेत. सगळ्या पिस्तुलांना चालेल म्हणून विकली जाणारी नायलॉनची पिशवी कुठल्याच पिस्तुलाला धड बसत नाही. ओढले की पिस्तुलाबरोबर तीही हातात येते.

होल्स्टर कुठे लावायचे हे तिकडचे लोक घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. बेंबी म्हणजे बारा, कमरेची उजवी बाजू म्हणजे तीन. उजव्या हाताचा माणूस बहुधा तीन ते चारच्या दरम्यान, पँटच्या आत लावतो. खाली वाकला की तिथे मूठ उठून दिसते. एकच्या काट्यावर, पोटाच्या पुढच्या बाजूला लावले तर ते उत्तम लपते आणि डोळ्यांसमोर राहते, पण बसल्यावर नळीचे तोंड मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते. या जागी हलक्या दर्जाचे होल्स्टर आणि घाईचा हात चालत नाही. पायाच्या घोट्याला किंवा काखेत लावणे ठरावीक कामांपुरतेच. आणि पट्टा? नेहमीचा मऊ पट्टा वजनाने दुमडतो. दीड इंच रुंद, आतून ताठ पट्टा नसेल तर उत्तम होल्स्टरही लोंबकळते.

होल्स्टर न वापरण्याची किंमत नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स संघाचा फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याने मोजली. मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबमध्ये पिस्तूल त्याच्या कमरेला नुसतेच खोचलेले होते. ते पँटमधून खाली घसरू लागले, त्याने झडप घालून धरले आणि गोळी त्याच्याच मांडीत घुसली. न्यूयॉर्कचा परवाना नसल्याने त्याला दोन वर्षांची शिक्षाही झाली.

पर्समध्ये पिस्तूल ठेवणे त्याहून धोक्याचे, कारण पर्स अंगापासून दूर होते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला आणि आई जागीच गेली. पर्स साधी नव्हती, पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली होती.

बहुतेक अपघात पिस्तूल काढताना होत नाहीत, परत ठेवताना होतात. काढताना माणूस सावध असतो, ठेवताना सवयीने वागतो. योग्य पद्धत संथ आहे. बोट चापापासून दूर, नळीच्या कडेला सरळ. दुसऱ्या हाताने सदरा छातीपर्यंत वर धरायचा, कंबर किंचित पुढे काढायची म्हणजे नळी अंगापासून दूर राहते, होल्स्टरच्या तोंडात डोळ्यांनी पाहायचे आणि मगच हळूहळू सरकवायचे. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर जोर न देता बाहेर काढून काय आले ते बघायचे. पिस्तूल परत ठेवण्याची घाई कधीच नसते, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात.

घरी आल्यावर

अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसे दगावली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणून कमरेवरून उतरलेले पिस्तूल उशीखाली किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. बोटांच्या खुणेने किंवा आकड्यांनी उघडणारी, पलंगाला साखळीने बांधलेली छोटी तिजोरी लागते. पोरांना वरची फळी चढता येते. घरातले कोणी मनाने खचलेले असेल तर पिस्तूल काही काळ घराबाहेर, खात्रीच्या माणसाकडे किंवा दुकानात कायदेशीर रीतीने ठेवावे. त्या दिवसांत दुसरा कुठलाही हिशेब यापुढे मोठा नाही.

विसर हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवरील तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या शेकडा ९३ भरलेल्या होत्या. बॅगेत आहे हेच लक्षात नव्हते, असे यातले कित्येक जण सांगतात.

भारताचा संदर्भ

भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा परवाना आहे. महाराष्ट्रात तो पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. अमेरिकेत सर्वांत रूढ असलेले ९ मिमी माप इथे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. त्यामुळे इथे .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल चालते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेले ‘निर्भीक’ त्याच मापाचे, सुमारे अर्ध्या किलोचे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि काडतुसाच्या बुडावर त्याची ‘के एफ’ ही अक्षरे असतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि परवानाधारकाच्या ताब्यात असावे लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. खंडेनवमीला मांडलेल्या पूजेत पिस्तूल ठेवणाऱ्यांनीही आधी ते रिकामे करून तपासलेच पाहिजे. घर पाहुण्यांनी आणि मुलांनी भरलेले असते.

अमेरिकेहून सुटीला येणाऱ्याकडे पिस्तूल नसते, पण रेंजवर नेलेल्या बॅगेच्या शिवणीत एखादे काडतूस राहून जाते आणि भारतातल्या विमानतळावर यंत्रात दिसते. मग गुन्हा नोंदवला जातो, आणि ते जाणूनबुजून बाळगले नव्हते हे न्यायालयात पटवून देईपर्यंत सुटी संपून जाते. सरावाची बॅग वेगळी ठेवावी आणि ती प्रवासाला कधीच नेऊ नये.