अवकाळीत मणी का तडकतो?

फेब्रुवारीत निफाड-पिंपळगावकडे द्राक्षांचे घड गोडीला आलेले असतात आणि नेमका रात्री अवकाळी कोसळतो. सकाळी घड हातात घेतला की देठाजवळ मण्याला बारीक चीर दिसते. रसाने बोटं चिकट होतात. 'मणी तडकले' एवढंच बागाईतदार म्हणतो, आणि व्यापाऱ्याचा फोन यायच्या आधीच त्याला भाव कळलेला असतो.

पिकल्या मण्यात 18-20 टक्के साखर. पावसाच्या थेंबात जवळपास काहीच नाही. पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. त्यातून पाणी आरपार जातं, साखर अडते. मग पाणीच साखरेकडे धाव घेतं. शाळेत याला परासरण म्हणत. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तो हाच खेळ उलट्या दिशेने. कच्च्या मण्यातल्या पेशींच्या भिंती टणक असतात, आतला दाब सोसतात. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो पिकायला लागला, की त्या मऊ पडू लागतात आणि साल ताणून ताणून फाटते.

पण तेलकट पटलातून पाणी एवढ्या झपाट्याने जातं कसं? अमेरिकेचे शास्त्रज्ञ पीटर ॲग्रे रक्तगटाच्या एका प्रथिनाच्या मागे होते, तेव्हा नमुन्यात दुसरंच एक प्रथिन सारखं सापडायचं. आधी ती भेसळच वाटली. 1992 मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवलं आणि त्या पेशी सौम्य द्रावणात सोडल्या. साध्या अंडपेशी जेमतेम फुगल्या. या मात्र टरारून फुटल्या, थेट आपल्या मण्यासारख्या! ते प्रथिन म्हणजे पाण्याचं दार, ॲक्वापोरिन. एका दारातून सेकंदाला सुमारे 300 कोटी रेणू जातात, तेही एकामागोमाग एक, रांगेत. 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी ॲग्रेंना मिळालं.

आता एक खोचक प्रश्न. आपल्या पेशींना तर भिंतच नाही, मग त्या का फुटत नाहीत? त्या सतत क्षारांचा उपसा करतात, म्हणून आत येणाऱ्या पाण्याची धाव आटोक्यात राहते. पटलातला एक पंप दर खेपेला 3 सोडियम आयन बाहेर फेकतो, 2 पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांना तो 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. आपण गाढ झोपलो तरी हा पंप चालूच असतो. त्याला लोडशेडिंग परवडत नाही.