पॅकर्सची १३ विजेतेपदे: आकडा कसा जमला

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, सर्वाधिक विजेतेपदे ग्रीन बे या लहान गावाच्या पॅकर्स संघाच्या नावावर आहेत: १३. दुसऱ्या क्रमांकावरचा शिकागो बेअर्स ९ वर आहे. तरीही फक्त सुपर बोल (१९६६ च्या हंगामापासूनचा अंतिम सामना) मोजणाऱ्या तक्त्यात पॅकर्सचा आकडा ४ दिसतो आणि ६ वाले न्यू इंग्लंड पेट्रियट्स व पिट्सबर्ग स्टीलर्स त्यांच्या वर बसतात. तक्ते दोन्ही बरोबर आहेत. लीगने विजेता ठरवायची पद्धत दोनदा मुळापासून बदलली आणि पॅकर्सने तिन्ही पद्धतींत बाजी मारली. पहिली ३ विजेतेपदे नुसत्या गुणतक्त्यावर मिळाली, पुढची ६ लीगच्या अंतिम सामन्यात आणि शेवटची ४ सुपर बोलमध्ये.

संघ १९१९ मध्ये कर्ली लँबो आणि जॉर्ज कॅलहून यांनी उभा केला. लँबो ज्या इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता तिने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले आणि संघाला नाव मिळाले. १९२१ मध्ये पॅकर्स लीगमध्ये दाखल झाले. तेव्हा अंतिम सामना नव्हता. वेळापत्रकही सारखे नसे; कोणी १३ सामने खेळे, कोणी १७. त्यामुळे विजयाची टक्केवारी काढत आणि ती काढताना बरोबरीत सुटलेले सामने चक्क गाळत.

१९२९ चे पहिले विजेतेपद निर्विवाद होते: १२ विजय, १ बरोबरी, पराभव एकही नाही. न्यू यॉर्क जायंट्स १३ सामने जिंकूनही मागे राहिले, कारण त्यांचा एकमेव पराभव पॅकर्सकडूनच झाला होता, तोही जायंट्सच्याच मैदानावर, २०-६ असा. खरी गंमत १९३० ची. पॅकर्स १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. जायंट्स १३ विजय, ४ पराभव. बरोबरी गाळली की पॅकर्स ०.७६९ आणि जायंट्स ०.७६५. एवढ्याशा फरकाने किताब ग्रीन बेला गेला. बरोबरीचा सामना अर्धा विजय धरायचा नियम १९७२ मध्ये आला. तो लावला तर पॅकर्स ०.७५० वर घसरतात आणि जायंट्स विजेते ठरतात.

मग हे विजेतेपद फुकटचे म्हणायचे का? जरा थांबा. १९३१ मध्ये १२-२ अशा कामगिरीवर सलग तिसरा किताब आला. ११-३ वर असलेल्या पोर्ट्समथ स्पार्टन्सना शेवटी आणखी एक सामना हवा होता, पण तो अधिकृत वेळापत्रकात नाही असे सांगून पॅकर्सने खेळायला नकार दिला. १९३२ मध्ये मात्र हाच टक्केवारीचा नियम पॅकर्सवर उलटला. १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी असूनही किताब हुकला. बेअर्सचे ६ विजय, १ पराभव आणि तब्बल ६ बरोबऱ्या; स्पार्टन्सचे ६ विजय, १ पराभव, ४ बरोबऱ्या. दोघेही ०.८५७ वर. त्यांचा निकाल लावायला शिकागोत छताखाली जादा सामना झाला आणि बेअर्स ९-० ने जिंकले. आजच्या नियमाने पॅकर्स ०.७५०, स्पार्टन्स ०.७२७, बेअर्स ०.६९२. म्हणजे १९३० चा किताब जातो, १९३२ चा येतो आणि बेरीज १३ च राहते. जुनी विजेतेपदे कच्ची म्हणणाऱ्यांनी आधी हे गणित मांडून पाहावे.

१९३३ पासून दोन विभाग झाले आणि विभागविजेत्यांचा अंतिम सामना सुरू झाला. १९३५ मध्ये आलेल्या डॉन हटसन या रिसीव्हरच्या (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या) जोरावर प्रशिक्षक लँबोने १९३६, १९३९ आणि १९४४ ही वर्षे जिंकली. त्यातला १९३९ चा २७-० हा निकाल जायंट्सवर उगवलेला सूड होता. आदल्या वर्षी त्यांनीच २३-१७ ने हरवले होते. त्यानंतर घसरण लागली. १९४९ च्या हंगामानंतर लँबो गेला. संघ तगावा म्हणून १९५० मध्ये गावकऱ्यांना शेअर विकून सुमारे १,१८,००० डॉलर उभे केले. या शेअरवर लाभांश मिळत नाही. आजही संघाला एक मालक नाही.

१९५८ मध्ये १ विजय, १० पराभव, १ बरोबरी अशी दैना झाल्यावर प्रशिक्षक म्हणून व्हिन्स लोंबार्डी आला. १९६० चा अंतिम सामना तो फिलाडेल्फिया ईगल्सकडून १७-१३ ने हरला. पॅकर्सचा प्रशिक्षक म्हणून बाद फेरीतला त्याचा तो एकमेव पराभव. पुढचे नऊही सामने त्याने जिंकले आणि १९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७ असे ५ किताब मिळवले.

त्याचे हत्यार म्हणजे 'पॉवर स्वीप' ही एकच चाल, हजारदा घोटलेली. चाल सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, पॉल हॉर्नंगच्या हाती जायचा. पुढच्या रांगेतले गार्ड जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन समोरच्याशी न भिडता जागा सोडून कडेकडे धावत सुटायचे. त्यांच्या जाण्याने पडलेली फट रांगेच्या मधल्या खेळाडूने, सेंटरने, बुजवायची. त्याला उशीर झाला तर बचावपटू आत घुसून हाफबॅकला रेषेमागेच लोळवणार. रांगेच्या टोकाच्या टाइट एंडवर समोरच्या संघाच्या बाहेरच्या लाइनबॅकरची (रांगेमागच्या बचावपटूची) जबाबदारी. लाइनबॅकर ज्या बाजूला जोर करेल त्याच बाजूला त्याला रेटायचे. ते पाहून हॉर्नंग आत वळायचे की बाहेर हे ठरवायचा. प्रतिस्पर्ध्यांना चाल पाठ होती, पण वाट आयत्या वेळी ठरत असल्याने अडवायची कुठे हे कळत नसे.

३१ डिसेंबर १९६७ ला, डॅलस काउबॉइजविरुद्धच्या अंतिम सामन्यात, मात्र कडेने धावणे शक्यच नव्हते. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. मैदानाखाली ८०,००० डॉलर खर्चून विजेच्या तापतारा बसवल्या होत्या. वरचे आच्छादन काढले तेव्हा गवत ओले होते आणि ती ओल बघता बघता गोठली. काउबॉइज १७-१४ ने पुढे, ४ मिनिटे ५० सेकंद बाकी, चेंडू पॅकर्सच्या ३२ यार्ड रेषेवर. तिथून ते ६८ यार्ड चढत गेले. गोलरेषा हाताशी आली तशी डॉनी अँडरसनची धाव दोनदा फसली. बुटांना पकडच नव्हती. १६ सेकंद उरले असताना शेवटचा टाइमआउट घेतला. फील्ड गोलने (खांबांमधून लाथाडलेल्या चेंडूच्या ३ गुणांनी) बरोबरी झाली असती. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने धावणाऱ्याला चेंडू न देता क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांच्या मागून स्वतःच आत मुसंडी मारली. निकाल २१-१७.

१९६६ आणि १९६७ मध्ये पॅकर्सने एनएफएलचा किताब जिंकून वर प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्याशी होणारा सुपर बोलही जिंकला: कॅन्सस सिटी चीफ्सवर ३५-१० आणि ओकलंड रेडर्सवर ३३-१४. मोजणीत मात्र एका हंगामाला एकच विजेतेपद धरले जाते. दोन-दोन धरले असते तर आकडा १५ झाला असता. सलग तीन विजेतेपदे मिळवणारा दुसरा संघ एनएफएलमध्ये नाही आणि पॅकर्सने ती दोनदा मिळवली. १९७० मध्ये लोंबार्डी वारल्यावर सुपर बोलच्या चषकाला त्याचे नाव दिले गेले.

एवढ्या लहान गावाचा संघ पुढे टिकला तो १९६० च्या दशकापासून टीव्ही हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जाऊ लागले म्हणून. जिंकायला मात्र १९९६ उजाडावे लागले. व्यवस्थापक रॉन वुल्फने १९९२ मध्ये अटलांटाकडून क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र घेतला आणि १९९३ मध्ये खेळाडूंना संघ निवडायची मोकळीक मिळताच बचावपटू रेजी व्हाइट स्वतः ग्रीन बेत आला. सुपर बोलमध्ये पेट्रियट्सवर ३५-२१ असा विजय मिळाला, तोही डेस्मंड हॉवर्डने किकऑफ झेलून ९९ यार्ड धाव घेतल्यामुळे. २०१० चा संघ बाद फेरीत लीगच्या आपल्या अर्ध्या भागातून (कॉन्फरन्समधून) सहावा, म्हणजे काठावर आला होता. क्वार्टरबॅक आरन रॉजर्सने फिलाडेल्फिया, अटलांटा आणि शिकागो हे तिन्ही सामने परक्या मैदानावर काढले, मग सुपर बोलमध्ये स्टीलर्सना ३१-२५ ने हरवले.

त्यानंतर २०१४, २०१६, २०१९ आणि २०२० असे चार वेळा पॅकर्स सुपर बोलच्या उंबरठ्यावर हरले. सर्वांत जिव्हारी लागला २०१४ चा सिएटलमधला पराभव. शेवटची काही मिनिटे असताना आघाडी १९-७ होती. चेंडू परत मिळवण्यासाठी समोरच्यांनी मुद्दाम मारलेली आखूड किक पॅकर्सच्या माणसाच्या हातून निसटली आणि सामना जादा वेळेत २८-२२ ने गेला.