संमतीशिवाय मनोरुग्णालयात दाखल करायचे असेल तर: कलम ८९ चा अर्ज

घरच्यांनी सही केली की पेशंट दाखल, असा समज अजून बऱ्याच घरांत आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ आल्यापासून तसे राहिलेले नाही. रुग्ण तयार नसेल तर कलम ८९ खाली अर्ज लागतो, तोही नामनिर्देशित प्रतिनिधीचा. रुग्णाने साध्या कागदावर सही-अंगठ्यानिशी कुणाला नेमले असेल तर तो, नाहीतर नातेवाईक, तेही नसतील तर सांभाळ करणारी व्यक्ती.

पुढचा निर्णय डॉक्टरांचा. दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोघांनी वेगवेगळे तपासलेले हवे. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच लागतो, दुसरा साधा एमबीबीएस डॉक्टरही चालतो. रुग्ण जिवाचे बरेवाईट करू पाहतोय, दुसऱ्यावर धावून जातोय किंवा स्वतःची हेळसांड जिवावर बेतेल इतकी करतोय, यातले एक तरी दोघांनाही दिसले पाहिजे. शिवाय याहून कमी बंधनाचा मार्ग उरलेला नसावा.

आधार कार्ड, नात्याचा पुरावा, जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीतच. पण खरी कामाची असते तारखा घातलेली वही. ‘फार त्रास देतो’ यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. ‘सोमवारपासून घरचे पाणी पीत नाही, विष घातलंय म्हणतो, काल रात्री आईवर कुकरचे झाकण उगारले’ यातून कळते.

दोघांच्या तपासणीच्या या अटीवर मानसोपचारतज्ज्ञांत दोन तट आहेत. आपण आजारी आहोत हे न पटणे हाच कित्येकदा आजार असतो, मग कागदपत्रांत दिवस का घालवायचे, आणि तालुक्याला दुसरा तपासणारा आणायचा कुठून, असे काहीजण विचारतात. जमिनीच्या वादात नकोसा झालेला भाऊ ‘वेडा’ ठरू नये म्हणूनच दुसरी तपासणी हवी, असे इतरांचे म्हणणे. अडचण खरी आहे, पण ती डॉक्टर कमी असल्याची. त्यासाठी तपासणी सैल करणे मला पटत नाही.

कलम ८९ खाली दाखल ठेवण्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. आधी सुधारणा झाली तर आधी सुटका. रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचे असते: स्त्री असेल तर तीन दिवसांत, पुरुष असेल तर सात. ३० दिवसांपुढे कलम ९०, दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची मंजुरी. दाखल होणे मान्य नसेल तर रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो, त्यासाठी वकील मोफत मिळतो.

रात्री-अपरात्री जिवावरच बेतले तर अर्जासाठी थांबू नका. नोंदणीकृत कोणताही डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्यात शॉक मात्र देता येत नाही.