पार्श्वभूमी: अंधारात चमकणारे घरगुती स्लाइम आणि ‘बोरॅक्स-फ्री’चा घोळ

२०१६ च्या उत्तरार्धात घरी स्लाइम, म्हणजे ताणता-दाबता येणारा लिबलिबीत गोळा, करण्याची लाट जगभर पसरली, तेव्हा त्यातला एकही घटक नवा नव्हता. शाळेत वापरायचा गम जुना, त्याला घट्ट करणारा बोरॅक्स (टाकणखार) त्याहून जुना, आणि अंधारात उजळणारी पावडरही तोवर वीस वर्षांहून अधिक काळ वापरात होती. नवे एवढेच, की हे सगळे आठ-दहा वर्षांची मुले व्हिडिओ पाहून एकत्र कालवू लागली, पुष्कळदा शेजारी मोठे माणूस नसताना. पुढच्या दोन-तीन वर्षांत बोरॅक्सवरून जो वाद झाला, त्याच्या खुणा आजच्या प्रत्येक कृतीत सापडतात. चमकणाऱ्या स्लाइमची कृती उघडली की पहिल्याच ओळीत ‘बोरॅक्स-फ्री’ हे शब्द दिसतात. ते तिथे कसे आले आणि ते कितपत खरे आहेत, हे समजून घेतल्याशिवाय बाकीची माहिती अपुरी राहते.

खेळणे म्हणून स्लाइम बाजारात आले ते १९७६ मध्ये, अमेरिकेत. कचऱ्याच्या डब्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात हिरवा लिबलिबीत गोळा मिळे. त्यात गवारीच्या बियांपासून काढलेला ग्वार गम होता आणि त्याला बांधून ठेवायला बोरॅक्स. १९८६ मध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि बोरॅक्स यांच्या द्रावणांपासून असाच पदार्थ करण्याचा प्रयोग छापून आला आणि स्लाइमला वर्गात मानाचे स्थान मिळाले. तिथून ते घरात येणे अवघड नव्हते. पारदर्शक शालेय गममध्ये मुख्यतः हेच पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, असते आणि पांढऱ्या गममध्ये त्याच्या जवळचे.

यातले रसायन थोडक्यात असे. बोरॅक्स पाण्यात विरघळला की बोरेट आयन तयार होतात. ते पॉलिमरच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी जोडतात, पण ही पकड कायमची नसते. ती सुटते आणि पुन्हा बसते. म्हणून स्लाइम हळू ओढले तर लांबत जाते आणि झटका दिला तर तुटते. या जोडणीसाठी बोरेट लागते, ते कुठून आले याच्याशी साखळ्यांना काही देणेघेणे नसते. पुढच्या सगळ्या वादाची किल्ली याच गोष्टीत आहे.

आता २०१६ कडे. आग्नेय आशियातील हौशी मुलींनी टाकलेले स्लाइम ताणण्या-दाबण्याचे छोटे व्हिडिओ त्या वर्षी लोकप्रिय झाले आणि काही महिन्यांत ही आवड पश्चिमेकडे पोचली. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेत काही दुकानांतला शालेय गम संपला. त्याच सुमारास मुलांच्या हातांना फोड आल्याच्या, कातडी सोलवटल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि बहुतेक बातम्यांत दोषी म्हणून एकच नाव आले: बोरॅक्स.

खरे तर सरकारी पातळीवरची सर्वांत ठळक सूचना या बातम्यांच्या आधीची आहे. जुलै २०१६ मध्ये कॅनडात नागरिकांना सांगण्यात आले, की बोरिक ॲसिड वापरून केलेल्या घरगुती क्राफ्टच्या आणि कीटकनाशकाच्या कृती टाळा. त्यामागचे कारण पुष्कळांनी नीट वाचले नाही. स्लाइममुळे मुले आजारी पडली असे त्या सूचनेत म्हटलेले नव्हते. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स या दोहोंत असलेले बोरॉन हे मूलद्रव्य अन्नातून आणि पाण्यातून आपल्या शरीरात तसेही जात असते, जास्त प्रमाणात ते प्रजनन आणि गर्भाची वाढ यांवर परिणाम करू शकते, तेव्हा टाळता येण्याजोगी भर टाळावी, असा तो युक्तिवाद होता. ही सावधगिरीची भूमिका होती. ती योग्यच होती असे मला वाटते, पण तिचा प्रसार मात्र ‘बोरॅक्स विषारी आहे’ अशा एका वाक्यात झाला.

युरोपात चाके आधीच फिरली होती. तिथे बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स प्रजननाला घातक अशा वर्गात टाकले गेले आणि २०१० मध्ये अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आले. त्यामुळे ब्रिटनमध्ये घरगुती वापराच्या बोरॅक्सची जागा ‘बोरॅक्स सब्स्टिट्यूट’ नावाच्या पांढऱ्या पावडरीने घेतली. ही पावडर म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेट, धुण्याच्या सोड्याचा भाऊबंद. डाग काढायला ती उत्तम, पण तिच्यात बोरॉनचा अंशही नाही, त्यामुळे तिने स्लाइम होत नाही. अमेरिकी कृती पाहून ही पावडर आणणाऱ्या घरांत वाटीभर पातळ गम तसाच राहायचा. मग कोणीतरी आणखी पावडर घालायचे, कोणीतरी कपडे धुण्याचे द्रव डिटर्जंट ओतायचे. सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलाने मुलांचे हात जास्त अल्कधर्मी मिश्रणात बुडाले, ही या गोष्टीतली मला सर्वांत खटकणारी बाब आहे.

अशा वेळी ‘बोरॅक्स-फ्री’ कृती पुढे आल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली म्हणजे गम, खाण्याचा सोडा आणि कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचे सलाइन, म्हणजे मिठाचे सौम्य द्रावण. बाटलीवरचे घटक वाचताना त्यात बोरिक ॲसिड किंवा सोडियम बोरेट आहे ना हे पाहून घ्या, नाहीतर स्लाइम जमणार नाही, असे या कृतींतच लिहिलेले असते. सोडियम बोरेट हे बोरॅक्सचेच रासायनिक नाव. खाण्याचा सोडा मिश्रण किंचित अल्कधर्मी करतो, त्यामुळे बोरिक ॲसिडचा आणखी काही भाग बोरेटच्या रूपात येतो आणि साखळ्या जोडल्या जातात. अमेरिकेत कपड्यांना खळ करायचा द्रव स्टार्च वापरण्याची पद्धत आहे. स्लाइमसाठी वापरल्या जाणाऱ्या त्या स्टार्चमध्येही सोडियम बोरेट असते. म्हणजे डबा बदलला, आत घडते ते तेच.

या नावाच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो टाकाऊ नाही. सलाइनमध्ये बोरेटचे प्रमाण सहसा कमी असते आणि सुटी पावडर घरात नसल्याने लहान मुलाने ती मूठभर तोंडात घालण्याचा धोका उरत नाही. हे दोन्ही मान्य. पण ‘कमी बोरेट’ आणि ‘बोरॅक्स-फ्री’ यांत फरक आहे, आणि त्वचा संवेदनशील असलेल्या मुलाच्या आईवडिलांसाठी तो फरक महत्त्वाचा आहे. बोरॅक्सची पावडर चमच्याने मोजता येते. सलाइनच्या अनेक बाटल्यांवर बोरेट किती आहे ते छापलेलेच नसते, आणि स्लाइम चिकट राहिले की मुले अंदाजाने आणखी ओततात.

प्रमाण किती, हा प्रश्न विचारला गेला तो तयार खेळण्यांच्या बाबतीत. युरोपातील खेळण्यांच्या नियमांनुसार द्रव किंवा चिकट खेळण्यातून सुटणाऱ्या बोरॉनची मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. कोरड्या, भुकटीसारख्या पदार्थासाठी ती १२०० आहे. चिकट पदार्थाला कडक मर्यादा का, तर मूल दिवसाला असा ४०० मिलिग्रॅम पदार्थ गिळेल असे त्यात गृहीत धरले आहे, कोरडा मात्र १०० मिलिग्रॅम. मोजणी करताना नमुना ३७ अंश सेल्सिअसच्या सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवून बाहेर काय येते ते पाहतात, म्हणजे पोटात गेल्यावर काय होईल त्याची ती नक्कल असते. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये विकत घेतलेल्या स्लाइमच्या डब्यांची अशी चाचणी झाली, तेव्हा बरेचसे डबे मर्यादेबाहेर निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतही तयार स्लाइममध्ये भरपूर बोरॉन सापडले, पण तिथे ओलांडायला मर्यादाच नव्हती.

घरच्या वाटीला यातला कोणताच नियम लागू होत नाही, कारण ती वस्तू विकली जात नाही. तरी हिशेब मांडून पाहावा. एक कप पाण्यात एक चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम बोरॅक्स, त्यातले अर्धे द्रावण, आणि अर्धा-अर्धा कप गम व पाणी अशी जुनी कृती धरली, तर सुमारे ३६० ग्रॅम स्लाइममध्ये २ ग्रॅम बोरॅक्स जातो. बोरॅक्समध्ये वजनाने ११ टक्क्यांच्या आसपास बोरॉन असते. म्हणजे किलोमागे ६०० मिलिग्रॅमच्या वर. नियमातला आकडा सुटून बाहेर येणाऱ्या बोरॉनचा आहे, एकूण बोरॉनचा नाही, हे लक्षात ठेवायला हवे. मात्र ॲसिडमध्ये बोरेटची पकड सुटतेच, त्यामुळे दोहोंत फार अंतर राहत नाही. जुनी कृती युरोपच्या दुकानात विकता आली नसती. त्याच वेळी ही मर्यादा गिळण्यासाठी आहे, हाताळण्यासाठी नाही. धडधाकट त्वचेतून बोरॉन फारच थोडे आत जाते. दहा वर्षांचे मूल स्लाइम खात नाही. पण त्याचे दीड वर्षाचे भावंड खाईल. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले लोक बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या मुलांविषयी बोलत होते.

हातांच्या फोडांचे काय? बोरॅक्सचे द्रावण अल्कधर्मी असते, त्याचा पीएच ९ च्या थोडा वर जातो, आणि तासन्‌तास मळत बसले तर त्वचा चिडचिडते, हे खरे. पण त्वचारोगतज्ज्ञांनी पुढे जी प्रकरणे नोंदवली त्यांत दुसराच एक गट वारंवार दिसला: आयसोथायाझोलिनोन जातीचे परिरक्षक. गम, द्रव डिटर्जंट, शॅम्पू अशा वस्तू टिकाव्यात म्हणून ते घालतात. धुऊन टाकायच्या वस्तूत ते चालून जातात, स्लाइममध्ये मात्र तेच मिश्रण रोज तासभर हातात राहते आणि ॲलर्जी उद्भवते. बोरॅक्स काढून त्याजागी डिटर्जंट घालणाऱ्या ‘सुरक्षित’ कृतींनी नेमका हा धोका वाढवला. एवढी महत्त्वाची गोष्ट बातम्यांत फार मागे पडली.

युरोपातील वर्गीकरण पुढे आणखी कडक झाले. डिसेंबर २०२२ पासून मिश्रणात ०.३ टक्के बोरेट असले तरी प्रजननाला घातक असा इशारा लागू होतो. पूर्वी बोरॅक्ससाठी हीच रेषा ८.५ टक्क्यांवर होती.

या गदारोळात उजेडाची बाजू जवळजवळ दुर्लक्षित राहिली, आणि चमकणाऱ्या स्लाइमच्या बाबतीत ती तितकीच विचारात घ्यायला हवी. उजेडात ठेवल्यावर अंधारात चमकणारा पदार्थ युरोपात १६०२ च्या सुमारास बोलोन्याजवळ सोने शोधणाऱ्या एका चांभाराला दगड भाजताना मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळांच्या तबकड्यांवर झिंक सल्फाइडमध्ये रेडियम मिसळलेला रंग आला. ओठांनी कुंचल्याला टोक काढत तो रंगवणाऱ्या कामगार स्त्रियांचे जबडे आणि हाडे त्याने पोखरली. ‘अंधारात चमकणारे’ म्हटले की आजही पालक दचकतात त्याचे मूळ इथे आहे. पण त्या रंगातला घातक भाग रेडियम होता. पुढे खेळण्यांत तांबे मिसळलेले नुसते झिंक सल्फाइड आले. ते आधी उजेड शोषते, मग थोडा वेळ हिरवट चमकते आणि विझते.

मोठा बदल १९९० च्या दशकात जपानमध्ये झाला. युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट जुन्या पावडरीपेक्षा साधारण दहापट तेजस्वी ठरले आणि किरणोत्सर्गाशिवाय तासन्‌तास उजळत राहू लागले. आजच्या चमकत्या स्लाइममध्ये बहुधा हीच पावडर असते. अतिनील आणि निळ्या उजेडाने ती भरते, म्हणून पांढऱ्या गमपेक्षा पारदर्शक गममध्ये जास्त खुलते. गडद रंग घातला तर तो आत जाणारा आणि बाहेर येणारा, दोन्ही उजेड खातो.

टॉनिक वॉटर किंवा हायलायटरची शाई घालून केलेले स्लाइमही ‘चमकणारे’ म्हणूनच सांगितले जाते, पण ते फक्त अतिनील दिव्याखाली चमकते. दिवा बंद, की चमक बंद. तिसरा प्रकार मात्र टाळलाच पाहिजे: ग्लो स्टिक कापून आतले द्रव ओतणे. त्या कांडीत हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण आणि एका ऑक्सॅलेटचे द्रावण वेगळे ठेवण्यासाठी काचेची बारीक नळी असते. कांडी वाकवली की ती फुटते, कापली की तिचे तुकडे वाटीत पडतात. त्यातले सेंद्रिय द्रावक पाण्याच्या स्लाइममध्ये नीट मिसळतही नाहीत, आणि उजेड काही तासांत संपतो.

स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटलाही एक उणीव आहे आणि ती स्लाइमच्या मुळाशीच येते: ओलाव्यात ते टिकत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन चमक जाते आणि मिश्रण अधिक अल्कधर्मी होते. म्हणून पाण्यात वापरायच्या पावडरीच्या कणांवर संरक्षक आवरण चढवतात. रेझिनसाठी किंवा तेली रंगांसाठी विकली जाणारी पावडर बिनआवरणाची असू शकते, आणि पुडीवर तसे ठळक लिहिलेले असेलच असे नाही. अशी पावडर घातलेले स्लाइम पहिल्या रात्री झकास उजळते, मग दिवसागणिक मंदावत जाते. गुठळ्या मोडायला पावडर कुटली तर आवरण असलेल्या पावडरीचीही तीच गत होते, शिवाय कण बारीक झाल्याने चमक कमी होते ती वेगळीच.