प्रशीतित सागरी वाहतूक

प्रशीतित सागरी वाहतूक : मांस, मासे, फळे, भाज्या, लोणी यांसारखे नाशवंत खाद्यपदार्थ ठरावीक तापमानात थंड अथवा गोठलेल्या स्थितीत राखून जहाजाने परदेशी पाठविण्याची पद्धत. हा माल आज मुख्यत्वे ‘रीफर’ या नावाने परिचित असलेल्या प्रशीतित कंटेनरांतून जातो. संपूर्ण जहाजच शीतगृहाप्रमाणे बांधण्याची जुनी रीत केळी, लिंबूवर्गीय फळे, गोठविलेले मासे अशा मोठ्या प्रमाणावरील एकजिनसी मालापुरती उरली आहे.

उगम : या वाहतुकीचा आरंभ कोणत्या फेरीपासून धरावा याविषयी एकमत नाही आणि हा मतभेद बव्हंशी निकषांचा आहे. बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८३३ मध्ये ‘टस्कनी’ या जहाजातून कोलकात्याला नैसर्गिक बर्फ पाठविला. विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत होता. लवकरच मुंबईतही असा बर्फ येऊ लागला व त्यासाठी खास बर्फघर उभे राहिले. या जहाजांतून बर्फाच्या सोबतीने सफरचंदेही येत, म्हणून काही लेखक येथूनच आरंभ धरतात. परंतु बर्फ हाच ज्याचा मुख्य माल होता, त्या व्यापाराला प्रस्तुत वाहतुकीचा पूर्वरंग मानणे अधिक योग्य ठरते.

ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन यांनी ईथरच्या बाष्पाचे संपीडन करून बर्फ तयार करणारे यंत्र १८५० नंतरच्या दशकात सिद्ध केले होते. तथापि १८७३ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून मेलबर्नहून लंडनला गोठविलेले मांस पाठविताना त्यांनी हे यंत्र जहाजावर न चढविता बर्फ व मीठ यांच्या मिश्रणावर भिस्त ठेवली. टाक्या गळू लागल्या आणि मांस वाटेतच नासले. ज्यांच्या यंत्राने प्रशीतनाची वाट मोकळी केली त्यांचेच हे धाडस फसावे, ही या इतिहासातील दुःखद घटना होय.

फ्रेंच अभियंते शार्ल तेलिए यांचे ‘फ्रिगोरिफिक’ हे जहाज सप्टेंबर १८७६ मध्ये रूआंहून निघून डिसेंबरअखेरीस ब्वेनस आयरिसला पोहोचले. त्यांनी मिथिल ईथरवर चालणाऱ्या यंत्राने मांस न गोठविता ०° से.च्या आसपास ठेवले होते. मांस खाण्याजोगे होते. त्याच्या चवीविषयी मात्र मते एकमुखी नव्हती. त्यानंतर ‘पाराग्वे’ या जहाजाने फ्रेंच संशोधक फेर्दिनां कारे यांच्या पद्धतीच्या अमोनिया यंत्राने जवळजवळ −३०° से. तापमानात गोठविलेले मेंढीचे मांस अर्जेंटिनाहून फ्रान्समधील ल हाव्र बंदरात आणले. या फेरीचे साल कोठे १८७७, तर कोठे १८७८ असे आढळते. परतीच्या प्रवासाचा विचार करता १८७८ अधिक संभाव्य वाटते. वाटेत दुरुस्तीसाठी जहाज बराच काळ खोळंबूनही माल चांगल्या स्थितीत पोहोचला. त्यामुळे तांत्रिक यशाचा मान, फ्रेंच लेखकांचा तेलिए यांच्याकडील कल लक्षात घेऊनही, ‘पाराग्वे’ला देण्याकडे अलीकडे ओढा दिसतो.

व्यापारी निकष लावल्यास दोन जहाजे पुढे येतात. ‘स्ट्रॅथलेव्हन’ने फेब्रुवारी १८८० मध्ये ऑस्ट्रेलियातून सुमारे ४० टन गोठविलेले मांस लंडनला पोहोचविले. ‘डनेडिन’ या शिडाच्या जहाजाने १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडमधील पोर्ट चामर्स सोडले आणि ९८ दिवसांनी लंडन गाठले. त्यावर दाबलेली हवा प्रसरण पावू देऊन थंडावा निर्माण करणारे बेल-कोलमन यंत्र बसविले होते. शिडाच्या जहाजावर कोळशाचा बाष्पित्र (बॉयलर) पेटता ठेवण्यात धोका होता व धुराड्यातल्या ठिणग्यांनी शिडे पेटण्याची भीती सतत असे. उष्ण कटिबंधात तळघरातील थंड हवा सर्वत्र समान पोहोचत नसल्याचे दिसताच कप्तान जॉन व्हिटसन स्वतः हवेच्या मुख्य नळीत सरपटत शिरले व त्यांनी जादा भोके पाडली. थंडीने ते इतके बधिर झाले की सहकाऱ्याला त्यांच्या पायांना दोर बांधून त्यांना बाहेर ओढावे लागले. जवळपास ५,००० मेंढ्या-कोकरांच्या मालापैकी केवळ एकच नग टाकून द्यावा लागला आणि फेरी नफ्यात गेली. न्यूझीलंडच्या अर्थव्यवस्थेचे वळण या फेरीपासून मोजले जाते व ते रास्तच आहे.

तंत्र : प्रारंभीच्या यंत्रांची जागा पुढे कार्बन डायऑक्साइड व अमोनिया वापरणाऱ्या यंत्रांनी घेतली. त्यांच्या जागी क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातील द्रव्ये आली. परंतु ओझोनच्या थराला त्यांच्यापासून होणारी हानी ध्यानी आल्यावर १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार ती टप्प्याटप्प्याने मागे पडली. कंटेनर आल्यावर आरंभी जहाजाच्याच यंत्रणेतून दोन झरोक्यांवाटे थंड हवा घेणाऱ्या पेट्या प्रचारात होत्या. आता प्रत्येक पेटीला स्वतःचे यंत्र असते व तिला जहाजावर, बंदरात आणि रस्त्यावर वीज पुरवावी लागते.

कंटेनर माल थंड करण्यासाठी नसून आधीच थंड केलेला माल तसाच राखण्यासाठी असतो; ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते व बरेचसे नुकसान तिथूनच सुरू होते. हवा तळाच्या पन्हळींतून वर येते, मालातून वा मालाभोवतून फिरते आणि छताखालून यंत्राकडे परतते. म्हणून छताजवळ आखलेल्या रेषेच्या वर खोकी रचीत नाहीत. गोठविलेला माल घट्ट रचतात, कारण त्याच्याभोवती हवा फिरली की पुरते. ताजी फळे मात्र तोडल्यावरही श्वसन करतात व उष्णता सोडतात. त्यांच्या खोक्यांना खाली-वर भोके असावी लागतात व ती एकावर एक जुळावी लागतात. गोठविलेल्या मालासाठी सामान्यतः −१८° से. किंवा त्याहून कमी तापमान ठेवतात. द्राक्षे −०.५° ते ०° से.ला, तर केळी १३° ते १४° से.ला नेतात, याहून खाली केळीची साल काळवंडते व ती नीट पिकत नाहीत. ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक ठेवून फळांचे श्वसन मंदावण्याच्या पद्धतीचा पाया केंब्रिज येथे फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट यांच्या संशोधनाने घातला.

महाराष्ट्र : १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे राज्याच्या रीफर निर्यातीचे मुख्य द्वार होय. नाशिक परिसरातील द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या हंगामात तेथून युरोपला जातात. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणणारी ‘महाग्रेप्स’ १९९१ मध्ये स्थापन झाली. पॅकहाऊसमध्ये कात्रीने खराब मणी काढून घड पनेटमध्ये (लहान डब्यांत) भरतात, बुरशी रोखण्यासाठी खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घालतात आणि प्री-कूलिंग (पूर्वशीतन) कक्षात मण्यात तापमापीची सुई खुपसून गराचे तापमान ०° से.जवळ आल्याची खात्री करतात. हे होण्याआधी माल भरला तर मण्यांवर पाणी सुटते, देठ वाळून तपकिरी पडतात आणि मणीगळ होते. तापमान अचूक राखूनही माल नाकारला जाऊ शकतो : २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाच्या (वेलीची वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाच्या) अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडविली गेली व बागायतदारांना मोठा फटका बसला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्यामुळे प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला आणि लगोलग आलेल्या हंगामात फळांच्या टिकाऊपणाची कसोटी लागली.

जळगावची केळी याच बंदरातून आखाती देशांत जातात. गोठविलेले म्हशीचे मांस तसेच कोळंबी, माकूल व अन्य मासे यांचीही निर्यात न्हावा-शेव्यातून होते. युरोप-अमेरिकेकडे जाणारा हापूस अद्याप प्रामुख्याने विमानाने जातो. कांद्याला रीफर क्वचितच लागते. तो हवेशीर कंटेनरातून पाठवितात.