ब्राझीलच्या गोदामातलं सोयाबीन आणि आपला गैरसमज

‘ब्राझीलमध्ये अमेरिकेच्या कितीतरी पट सोयाबीन पडून आहे, आता भाव गेलाच!’ सोयाबीन निघायच्या दिवसांत हा निरोप दरवर्षी फिरतो, आणि लातूर-वाशीमकडचे शेतकरी घाबरून माल विकून मोकळे होतात. निरोपातले आकडे खरे असतात, तुलनाच चुकीची असते.

अमेरिकी कृषी खातं अमेरिकेचा अखेरचा साठा, म्हणजे हंगाम संपताना उरलेला माल, ३१ ऑगस्टला धरतं, म्हणजे नवी काढणी तोंडावर आणि कोठारं तळाला. त्याच खात्याच्या जागतिक तक्त्यात ब्राझील, अर्जेंटिनाचा साठा मात्र ३० सप्टेंबरचा असतो. ब्राझीलची काढणी जानेवारी ते मे, अर्जेंटिनाची मार्च ते जून. सप्टेंबरात तिथे भरपूर माल असणारच. पुढचं पीक येईपर्यंत गाळप आणि निर्यात त्यावरच चालते. त्याला शिल्लक म्हणणं साफ चूक आहे.

तुलना करायची तर त्याच देशाची, त्याच तारखेची, आदल्या वर्षाशी करा. अमेरिका-चीन व्यापारयुद्धात चीनची खरेदी आटली तेव्हा अमेरिकेचा साठा २०१७-१८ मधल्या सुमारे १.२ कोटी टनांवरून २०१८-१९ मध्ये सुमारे २.५ कोटी टनांवर गेला. असा बदल दिसला तर जरूर काळजी करावी. सोबत वर्षाचा खप पाहा, कारण खप वाढला की तेवढाच साठा कमी दिवस पुरतो.